चार पाय, एक काम: स्वस्तातला क्लस्टर खरंच कशासाठी?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. चिखलीतून एका मुलानं पाठवली होती. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, कॉम्प्युटर ब्रांच. तो म्हणतो, "दादा, चार रास्पबेरी पाय जोडले की मिनी सुपरकॉम्प्युटर होतो असा व्हिडिओ बघितला. आमचा चौघांचा ग्रुप आहे, प्रत्येकी सात हजार काढतोय. माझे पप्पा भोसरीत सीएनसीवर आहेत. ते विचारतात, यातून मिळणार काय? त्यांना काय सांगू?"

अठ्ठावीस हजार रुपये. चार घरांतून काढलेले. त्यामुळे आज जरा नीट, हिशोबानं बोलू. आणि पप्पांचा प्रश्न या सगळ्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे, बरं का.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असाल तर इथंच थांबता येईल. वेग हवा असेल तर या पैशांत पाय घेऊ नका. ऑफिसातून बाद झालेला, सहा-सात वर्षं जुना आय-फाइव्हचा डेस्कटॉप दहा-पंधरा हजारांत मिळतो आणि आकडेमोडीत तो चार पायना सहज मागे टाकतो. चार बोर्ड घ्यायचे ते एकच गोष्ट शिकायला: काम वाटलं की वाटण्याचाही खर्च येतो, आणि तो कुठे येतो. ही गोष्ट एका कॉम्प्युटरवर दिसत नाही. चारांवर लगेच दिसते.

हे असतं काय?

सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे एकाच हिरव्या पट्टीवर प्रोसेसर, रॅम, यूएसबी, नेटवर्क सगळं बसवलेलं. पत्त्यांच्या कॅटएवढा आकार. रास्पबेरी पाय हा त्यातला सगळ्यात गाजलेला. इंग्लंडमधून २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आला, किंमत ३५ डॉलर. शाळेतल्या मुलांनी प्रोग्रॅमिंगला हात घालावा एवढाच मूळ हेतू होता.

क्लस्टर म्हणजे असे अनेक स्वतंत्र कॉम्प्युटर नेटवर्कनं जोडायचे आणि एकच काम त्यांच्यात वाटायचं. प्रत्येक कॉम्प्युटरला म्हणतात नोड. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: प्रत्येक नोडची मेमरी त्याची स्वतःची. एक नंबरच्या नोडला तीन नंबरच्या मेमरीत डोकावता येत नाही. काही हवं असेल तर निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. हे निरोप कसे पाठवायचे याचे नियम १९९४ मध्ये ठरले, त्यांना एमपीआय म्हणतात. आजही जगातल्या मोठमोठ्या सुपरकॉम्प्युटरवर हेच चालतं.

आता आपल्या भाषेत

भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यात वाढलेल्याला क्लस्टर समजावणं फार सोपं आहे. आपण क्लस्टरमध्येच राहतो.

चाकणची मोठी कंपनी गाडी बनवते म्हणजे काय करते? ब्रॅकेट एका वर्कशॉपमध्ये, प्लेटिंग दुसरीकडे, पावडर कोटिंग तिसरीकडे. प्रत्येक वर्कशॉप म्हणजे एक नोड. आपापल्या मशिन, आपापलं गोडाऊन. आणि त्यांच्यामध्ये धावतो तो छोटा हत्ती म्हणजे नेटवर्क.

आता तुम्ही कधी चलन घेऊन कंपनीच्या गेटवर उभे राहिला असाल तर पुढचं सांगायची गरज नाही. टेम्पोत एक पीस असो की पाचशे, गेटवरची एन्ट्री तेवढीच, सिक्युरिटीची सही तेवढीच, क्वालिटीवाला येईपर्यंतचं थांबणं तेवढंच. हा जो ठरलेला वेळ जातो, माल कितीही असला तरी, त्याला नेटवर्कच्या भाषेत लेटन्सी म्हणतात. आणि टेम्पोत माल किती मावतो, ती बँडविड्थ. लोक नेट घेताना फक्त दुसरी बघतात. क्लस्टरला मारते ती बहुतेक वेळा पहिली.

आकडे घेऊ. पाय ४ वर गिगाबिट इथरनेट आहे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट माल. पण एक छोटासा निरोप, अगदी एका अक्षराचा, एका बोर्डवरून दुसऱ्यावर पोचायला साधारण १०० मायक्रोसेकंद धरा. सेकंदाचा दहा हजारावा भाग. किरकोळ वाटतं ना? पाय ४ चा प्रोसेसर दीड गिगाहर्ट्झचा. तेवढ्या वेळात त्याचे दीड लाख ठोके पडून जातात. ऑपरेटर हातावर हात ठेवून बसलाय, टेम्पो गेटवर आहे.

आणि १० हजार बाइटचा निरोप पाठवला तर? मालाचा वेळ ८० मायक्रोसेकंद, अधिक गेटचे १००, मिळून १८०. म्हणजे माल दहा हजार पट, वेळ दुप्पटसुद्धा नाही. म्हणून क्लस्टरवर प्रोग्रॅम लिहिणारा माणूस सारखा एकच विचार करत असतो: फेऱ्या कमी कशा करू, टेम्पो भरून कसा पाठवू.

एक प्लेट, दोन हिशोब

हे नुसतं ऐकून पटत नाही, म्हणून कागद-पेन घ्या. समजा अ‍ॅल्युमिनियमची एक चौकोनी प्लेट आहे, इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीखाली असते तशी. एका बाजूनं तापतेय. उष्णता कशी पसरेल ते काढायचंय. पद्धत सोपी: प्लेटवर जाळी आखायची, आणि प्रत्येक ठिपक्याचं नवं तापमान शेजारच्या चार ठिपक्यांवरून काढायचं. संपूर्ण जाळी एकदा झाली की एक पाऊल पुढे. मग परत तेच, हजारो वेळा.

आधी मोठी जाळी, १००० बाय १०००. दहा लाख ठिपके, प्रत्येकाला पाचेक क्रिया, एकूण ५० लाख. बोर्ड सेकंदाला एक अब्ज साध्या क्रिया करतो असं ढोबळ धरू, तर एकट्याला एका पावलाला ५ मिलिसेकंद. आता प्लेटच्या चार पट्ट्या कापून चार बोर्डांना दिल्या. प्रत्येकाचं काम उरलं सव्वा मिलिसेकंदाचं. पण पट्टीच्या काठावरच्या ठिपक्यांचा शेजारी दुसऱ्या बोर्डवर राहतो, म्हणून दर पावलाला दोन्ही काठांचे आकडे पाठवायला लागतात. एका काठाला हजार आकडे, ८ हजार बाइट, साधारण १६४ मायक्रोसेकंद. दोन काठांचे मिळून मिलिसेकंदाचा तिसरा हिस्सा. एकूण झाले १.६ मिलिसेकंद. पाचाचे दीड-पावणेदोन झाले, म्हणजे तिप्पट वेग. झकास.

आता जाळी छोटी करा, १०० बाय १००. एकट्या बोर्डला एक पाऊल ५० मायक्रोसेकंद. चौघांत वाटलं तर प्रत्येकाला १२ च्या आसपास काम, पण काठांचे दोन निरोप दोनशेच्या वर जातात. एकूण सव्वादोनशे.

म्हणजे चार कॉम्प्युटर लावून काम एकापेक्षा साडेचार पट हळू झालं! मशिन वाढवल्या आणि आउटपुट घटला. हा हिशोब ज्यानं स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या घड्याळात बघितला, तो आयुष्यभर विसरत नाही. एका चांगल्या लॅपटॉपवर एमपीआयचे चार प्रोसेस चालवून सिंटॅक्स फुकट शिकता येतो, आणि तो आधी तसाच शिकावा. पण लॅपटॉपच्या आत टेम्पोच नसतो. चौघेही एकाच छताखाली बसलेले असतात. त्यामुळे हा फटका तिथं जाणवत नाही.

याला जोडून आणखी एक मर्यादा. १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल या इंजिनिअरनं मांडली. कामातला काही भाग वाटताच येत नाही. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत जॉब आठ तास राहायचा असेल तर बाहेर ऑपरेटर चार उभे करा नाहीतर चाळीस, आठ तास म्हणजे आठ तास. समजा तुमच्या प्रोग्रॅमचा दहा टक्के भाग असा भट्टीतला आहे. चार नोडवर जास्तीत जास्त वेग मिळेल ३.१ पट. सोळा नोडवर ६.४. आणि हजार नोड आणले तरी दहा पटीच्या पुढे जाता येणार नाही. म्हणून कुणी रील टाकून "चाळीस पायचा क्लस्टर" म्हणालं की मी आधी विचारतो, त्यावर चालतंय काय?

हे पुण्यात आधी झालंय

आता थोडं मागे जाऊ. कारण स्वस्त, छोटे प्रोसेसर जोडून मोठं यंत्र उभं करायचं, ही गोष्ट आपल्या शेजारी, पुणे विद्यापीठाच्या आवारात, रास्पबेरी पायच्या वीस वर्षं आधी घडली आहे.

ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. मागितला होता मोठा, मिळालं त्याच्यापेक्षा लहान मॉडेल, तेही हवामानाच्या कामासाठी आणि अटी घालून. मग १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, मुख्यालय पुणे, प्रमुख विजय भटकर. १९९१ मध्ये त्यांनी परम ८००० उभा केला.

ही गोष्ट आपल्याकडे छाती फुगवून सांगितली जाते: त्यांनी नाही दिला, आम्ही बनवला. चुकीचं नाही ते. पण त्यात खरी गंमत राहून जाते. क्रेची पद्धत होती अत्यंत वेगवान असे मोजके प्रोसेसर. तसा प्रोसेसर आपण तीन वर्षांत बनवूच शकलो नसतो. सी-डॅकनं वाट बदलली. इनमॉस नावाच्या ब्रिटिश कंपनीचा टी-८०० नावाचा ट्रान्सप्युटर बाजारात मिळत होता. छोटी चिप, तिच्यातच थोडी मेमरी, आकडेमोडीचं युनिट, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक. असे ढिगानं जोडायचे. पायचा चुलत आजोबाच म्हणा.

आणि अवघड काम हार्डवेअरपेक्षा वेगळंच निघालं. चिपा जोडता येतात, पण काम वाटायचं कसं, निरोप कसे न्यायचे, चुका कशा शोधायच्या, यासाठी त्यांना पारस नावाची प्रोग्रॅमिंगची व्यवस्था लिहावी लागली. लोक परमचं नाव घेतात, पारसचं कुणी घेत नाही. माझ्या मते तिथं जास्त घाम गाळला गेला असणार.

मला यातला सगळ्यात बोलका वाटतो तो एक आकडा. टी-८०० चा वेग सेकंदाला दीड-दोन मेगाफ्लॉप्स, म्हणजे दशांश चिन्हाच्या आकड्यांच्या पंधरा-वीस लाख क्रिया. त्याची एकेक लिंक २० मेगाबिटची. पाय ४ नीट ट्यून केला तर दहा गिगाफ्लॉप्सच्या आसपास जातो आणि नेटवर्क १००० मेगाबिटचं. भागाकार करा. कामगार पाच हजार पट चपळ झाला. टेम्पो फक्त पन्नास पट.

म्हणजे काम आणि निरोप यांच्या तोलात बघितलं तर १९९१ चं ते यंत्र आपल्या टेबलावरच्या क्लस्टरपेक्षा कितीतरी समतोल होतं! एकटा पाय त्या काळच्या गिगाफ्लॉपच्या स्वप्नाच्या दहा पट पुढे आहे, आणि तरी चार पाय एकत्र आणले की एकमेकांची वाट बघत बसतात.

मोठ्या लोकांना हे माहीत असतं, म्हणून त्यांचा पैसा तिकडे जातो. टाटांच्या सीआरएल या कंपनीनं पुण्यातच 'एका' नावाचा सुपरकॉम्प्युटर उभा केला. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत तो चौथा होता, ११७.९ टेराफ्लॉप्स. आत काय होतं? इंटेलचे झिऑन प्रोसेसर, कुठल्याही सर्व्हरमध्ये असतात तसले. फरक होता त्यांना जोडणाऱ्या इन्फिनिबँड नेटवर्कमध्ये. त्यावर छोटा निरोप एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचतो. आपले शंभर आठवा. गेटवर थांबायलाच नको.

बाहेरच्या जगातही ही वाट जुनी आहे. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ४८६ जातीचे १६ साधे पीसी इथरनेटनं जोडून 'बेओवुल्फ' बनवला. आज घरगुती क्लस्टरला तेच नाव देतात. २०१२ मध्ये, पाय येऊन वर्षही झालं नव्हतं, साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या सायमन कॉक्स यांनी ६४ पाय जोडले. रॅक लेगोच्या ठोकळ्यांचा, आणि तो लावायला मदतीला त्यांचा सहा वर्षांचा मुलगा.

पण मला सांगायचंय ते लॉस अलामॉसचं. अमेरिकेची अणुसंशोधनाची प्रयोगशाळा, जगातल्या मोठ्या सुपरकॉम्प्युटरांची मालकीण. २०१७ मध्ये त्यांनी ७५० पायचा क्लस्टर मांडला. ज्यांच्याकडे खरं यंत्र आहे त्यांना हे खेळणं कशाला? तर हजारो नोड सांभाळणारं सॉफ्टवेअर तपासायला. एखादा नोड मेला तर काय होतं, सगळे एकदम सुरू केले तर काय होतं, हे बघायला खरं यंत्र अडवून ठेवणं परवडत नाही. वेग त्यांना नकोच होता. त्यांना खूप नोड हवे होते, स्वस्त आणि बिघडले तरी चालतील असे. आपल्या चिखलीच्या ग्रुपचं आणि लॉस अलामॉसचं कारण एकच आहे, असं म्हटलं तरी चालेल.

जोडायचाच असेल तर

सामान काय लागतं ते भराभर सांगतो. चार बोर्ड, एक पाच किंवा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच, चार छोट्या लॅन केबल, चार मेमरी कार्ड, पॉवर सप्लाय, हीट सिंक आणि पंखे. बोर्डांचे भाव रॅमच्या भावाबरोबर वरखाली होतात, त्यामुळे घ्यायच्या दिवशीच बघा. बाकी किरकोळ सामानासाठी पीसीएमसीवरून मेट्रोनं मंडईला उतरा आणि तपकीर गल्ली गाठा. तिथं हिंडण्यातही शिक्षण आहे.

जुने बोर्ड घेताना एक मॉडेल बघूनच घ्या. पाय ३-बी चं नेटवर्क फक्त १०० मेगाबिट. ३-बी प्लसवर गिगाबिट लिहिलेलं असतं, पण ते आतून यूएसबी २ मधून जातं, त्यामुळे तीनशेच्या आसपासच अडकतं. पूर्ण गिगाबिट पाय ४ पासून. झिरोला तर लॅनचं पोर्टच नाही. आणि चारही एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर वेगवान तिघे एका हळूची वाट बघतील.

पॉवर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. चारांचे १२. मोबाइलचा चार पोर्टचा चार्जर लोड आला की दबतो, बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो, आणि तुम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसता. विजेचं बिल मात्र चिंतेचं नाही. लोडवर बोर्ड ६-७ वॉट खातो, स्विच धरून सगळा क्लस्टर तीसेक वॉट, म्हणजे घरातल्या जुन्या पंख्याच्या निम्मा. दिवसरात्र चालवला तर पाऊण युनिट.

सॉफ्टवेअरमध्ये चारही कार्डांवर बिनस्क्रीनची लाइट आवृत्ती टाका, प्रत्येकाला वेगळं नाव द्या, पासवर्ड न विचारता एकातून दुसऱ्यात जाता यावं म्हणून एसएसएचच्या चाव्या वाटून ठेवा. एक फोल्डर एनएफएसनं सगळ्यांत सामायिक करा, म्हणजे प्रोग्रॅम चार ठिकाणी कॉपी करायला नको. मग ओपन-एमपीआय. एका फाइलमध्ये चौघांची नावं लिहायची आणि प्रोग्रॅम सोडायचा. पहिला प्रोग्रॅम एवढाच की चौघांनी आपापला नंबर सांगायचा. पडद्यावर ते कधी ० १ २ ३ येतात, कधी २ ० ३ १. प्रत्येक वेळी वेगळं. तिथंच पहिला धडा मिळतो: कोण आधी संपवेल याचा भरवसा नाही.

वर्कशॉपमध्ये ठेवणार असाल तर

कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं चालतं. शेडमध्ये परीक्षा होते. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मेमध्ये हवाच चाळिशीला टेकते, आणि पाय ८० अंशांना पोचला की स्वतःला आवरतो, वेग कमी करतो. दुपारी दोनला आणि रात्री दोनला तोच प्रोग्रॅम वेगळा वेळ घेईल. दुसरं म्हणजे कास्ट आयर्नची बारीक धूळ. ती वीज वाहून नेते. उघड्या बोर्डवर बसली आणि वरून कूलंटची वाफ आली की खेळ खलास. म्हणून बंद डबा हवा. आणि बंद डब्यात उष्णता कोंडते. यावर जमतं ते अ‍ॅल्युमिनियमचं, पाठीवर पंख असलेलं कव्हर, जे स्वतःच हीट सिंकचं काम करतं.

तिसरं लाइट जाणं. पाय बंद करायला शटडाउन द्यावा लागतो. लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्डवरची फाइल सिस्टिम खराब होऊ शकते, आणि आपल्याकडे अर्ध्या सेकंदाचा झटका तर रोजचा. छोटा यूपीएस लावा, किंवा कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवा आणि डेटा एका नोडच्या एसएसडीवर लिहा. बसवायचं काम गुरुवारी काढा, एमआयडीसीची सुट्टी असते तेव्हा. चालू शिफ्टमध्ये पॅनेलला हात लावू दिला जात नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग प्रोजेक्ट काय करायचा?

पप्पांना दाखवता येईल असा. निरोपांची गरज नसलेलं काम निवडा, म्हणजे क्लस्टरची ताकद दिसेल. उदाहरणार्थ, फिक्स्चरची प्लेट किती जाड हवी? कॅलक्युलिक्स हे फुकट सॉफ्टवेअर ताण काढून देतं. जाडी चाळीस प्रकारे बदलायची, चाळीस वेगळे हिशोब, एकमेकांशी संबंध शून्य. प्रत्येक बोर्डला दहा-दहा. इथं जवळपास चौपट वेग मिळतो, कारण टेम्पो सकाळी एकदा जातो आणि संध्याकाळी एकदा येतो. फक्त एकेक मॉडेल बोर्डच्या रॅममध्ये मावेल एवढं ठेवा. किंवा वर्कशॉपमधल्या मशिनच्या बेअरिंगची कंपनं घ्या. प्रत्येक मशिनचा हिशोब स्वतंत्र, त्यामुळे एकेका बोर्डला पाच-पाच मशिन वाटून देता येतात.

आणि त्याच्या शेजारी तो प्लेटच्या उष्णतेचा प्रोग्रॅम ठेवा, छोट्या जाळीचा, जो चौघांत वाटल्यावर हळू होतो. दोन्हींचा वेळ मोजून एका ग्राफवर काढा. व्हायव्हाला बाहेरचे सर विचारतात, "चार का, आठ का नाही?" तेव्हा हा ग्राफ पुढे करायचा. पप्पांनाही हाच दाखवा. सीएनसीवर ज्यानं सेटिंगला दोन तास घालवून दहा पीस काढलेत आणि तेवढ्याच सेटिंगमध्ये हजार काढलेत, त्याला लेटन्सी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय यात लिहिलेला एमपीआयचा प्रोग्रॅम मोठ्या यंत्रावरही नव्यानं कंपाइल करून चालतो. पुण्यातच आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, तिथंही निरोप एमपीआयनंच जातात.

शेवटचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. प्रोग्रॅम चालू असताना एका बोर्डची पॉवर काढा. सरळ, न सांगता. एमपीआयवर चालणारं काम असेल तर नेहमीच्या मांडणीत अख्खं कामच कोसळतं, तिघे जिवंत असूनही. आकडेमोडीत एक पट्टी गेली की उरलेल्या तीन पट्ट्यांना अर्थ नसतो. म्हणून मोठ्या यंत्रांवर दर थोड्या वेळानं सगळी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतात, पडलं तर तिथून पुढे.

आता त्याच बोर्डांवर के-थ्री-एस टाका. छोट्या सेवा सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, मशिनच्या रीडिंगचा डॅशबोर्ड वगैरे चालवायला. परत एक बोर्ड बंद करा. थोडा वेळ काहीच होत नाही, मग तो डॅशबोर्ड दुसऱ्या बोर्डवर आपोआप उभा राहतो. पण सगळा कारभार एकाच मुख्य बोर्डकडे ठेवला असेल आणि नेमका तोच बंद केला, तर बाकीच्यांवर चालू असलेलं चालत राहतं, नवं मात्र कुणी हलवत नाही. सुपरवायझर सुट्टीवर. म्हणून मुख्य बोर्ड निदान तीन ठेवायचे. दोन का नाहीत? दोघांमधली केबल तुटली तर बहुमत कुणाकडेच उरत नाही, आणि दोघेही गप्प बसतात. तीन असले की दोघांचं बहुमत ठरतं आणि एकटा पडलेला गप्प बसतो.

चार बोर्डांतले तीन मुख्य करा, एक कामाला ठेवा, आणि एकेक केबल ओढून बघा. कुठली ओढल्यावर काय थांबलं, ते वहीत लिहून ठेवा.